चौकटीत आलेला प्रॉम्प्टर

मूकपटाच्या पहिल्या दिवशी नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर काखोटीला वही मारून स्टुडिओत हजर झाला, तेव्हा दिग्दर्शकाला वाटलं, माणूस पत्ता चुकला.

"इथे आवाज उमटत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण नायकांनी बोलावलंय."

विंगेतून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या या प्रॉम्प्टरला कंपनीत सगळे कुजबुजे म्हणत. नायकाने खुलासा केला, "माझे हात शब्दांवर चालतात, साहेब. 'हृदय' ऐकू आलं की हात छातीवर जातो. शब्द नसला की खिशात जातो. करून बघा."

करून बघितलं. हात खिशात गेला. कुजबुजेला उजवीकडच्या पडद्याआड स्टूल मिळालं.

ज्याचा मूकपट होणार होता ते नाटक साधंच होतं. एक मुलगी आपलं धडधाकट घड्याळ रोज दुरुस्तीला नेते; घड्याळजी रोज ते खोलून, एकेक चाक तपासून, काही बिघाड नाही म्हणून परत देतो. तिसऱ्या अंकात त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. सात वर्षं, आठवड्याला चार प्रयोग चालले होते. नायकाला एकही वाक्य पाठ नव्हतं. नायिका इतर वेळी चोख, पण नेमकी प्रेमाच्या वाक्यांपाशी अडखळायची आणि विंगेकडे कान द्यायची. त्यामुळे रंगमंचावरचं दोघांचंही प्रेम आधी कुजबुजेच्या तोंडून बाहेर पडायचं. तो ते नुसतं वाचत नसे, पण हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कंपनी आता मूकपटांकडे वळणार होती. नोकरी गेली असती तर छापखान्यात मुद्रितं तपासून त्याने पोट भरलं असतं. पण ती वाक्यं नायिकेच्या कानावर घालायला दुसरं निमित्त त्याच्याकडे नव्हतं.

चित्रीकरण अकरा दिवस चाललं. उजेड डावीकडच्या काचेतून येत होता, म्हणून कॅमेरावाल्याने कॅमेरा तीन पावलं डावीकडे सरकवला. नाट्यगृहात प्रत्येक खुर्ची समोर असते, म्हणून विंगेतला माणूस कुणालाच दिसत नाही. तीन पावलं डावीकडून मात्र नजर थेट पडद्यामागे पोचते. कॅमेरावाल्याला कॅमेऱ्याच्या काचेवर दिसणारं चित्र बोटभर आणि उलटं होतं. त्याचं लक्ष उजेडावर होतं.

फिल्म धुऊन आली. दिग्दर्शक, कॅमेरावाला, नायक आणि नायिका एका खोलीत बघायला बसले. पडद्यावर दुकान, घड्याळजी, मुलगी, आणि कोपऱ्यात स्टुलावर मांडीवर वही घेतलेला दुसरा-तिसरा कुणी नव्हे, कुजबुजे. दोघांचीही वाक्यं तो सबंध चेहऱ्याने बोलत होता. त्याचा हात छातीवर जाई आणि बरोबर अर्ध्या सेकंदाने नायकाचा.

"हा तुम्हाला दिसला नाही?" दिग्दर्शकाने विचारलं.

"दिसला," कॅमेरावाला म्हणाला. "मला टांगलेला कोट वाटला."

पुढचं त्याहून अवघड होतं. अख्ख्या तिसऱ्या अंकात नायिकेने नायकाकडे चारदा पाहिलं होतं, त्यात एकदा त्याची मिशी सुटली म्हणून. बाकी सगळा वेळ तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून स्टुलाकडे.

"मी इथे गुडघे सोलवटून घेतोय," नायक म्हणाला, "आणि बाई तिकडे बघतायत, पोस्टमन आल्यासारख्या."

"शब्द तिकडून येत होते," ती शांतपणे म्हणाली.

पुन्हा चित्रीकरण करायला कोरी फिल्म उरली नव्हती, जाहिरातीही लागल्या होत्या. दिग्दर्शकाने मग एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे मध्ये दाखवायच्या पाट्या. पहिली पाटी: 'दुकानाचे मालक. फार बोलतात.' दुसरी: 'कारागीर. बोलत नाही.'

"पण नायक मीच ना?" नायकाने विचारलं.

"जाहिरातीत तुमचंच नाव आहे."

पहिल्या खेळाला थिएटर भरलं. मालकाने गुडघे टेकले की लोक हसत आणि मुलीने कोपऱ्याकडे पाहिलं की गप्प होत. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना राहवलं नाही. "अहो मालक, जरा मागे बघा की," ते म्हणाले, आणि सगळं थिएटर तेच म्हणू लागलं. नायकाला एवढ्या टाळ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या. आपण विनोदी नट आहोत हे त्याने जागच्या जागी मान्य केलं.

"पुढच्या चित्रात तुम्ही पुढे बसा," दिग्दर्शक कुजबुजेला म्हणाला. "असा अभिनय मी पाहिला नाही."

"मला अभिनय येत नाही, साहेब."

दिग्दर्शकाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि तो निघून गेला.

थिएटर रिकामं झालं. नायिका अजून खुर्चीतच होती. कुजबुजे जवळ जाऊन म्हणाला, "बाई, माफ करा. मी शब्द सांगत बसलो, म्हणून तुम्हाला सारखं माझ्याकडे बघावं लागलं."

"शब्द मला पहिल्या महिन्यातच पाठ झाले होते."

कुजबुजेने मनातल्या मनात हिशेब केला. चौदाशेच्या वर प्रयोग. "मग रोज अडखळायचात का?"

"तुम्ही सांगायचात म्हणून."

त्याने वही या हातातून त्या हातात घेतली आणि काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "आता नायक मध्ये नाहीये."