रोहेकरांचा उपयोग काय झाला

सॉलोमन रोहेकर बास्केटबॉलची मॅच कोर्टाकडे पाठ करून बघायचे. इकडे दहा पोरं जीव खाऊन धावताहेत, शिट्ट्या वाजताहेत, आणि आमच्या कॉलेजचे कोच राखीव खेळाडूंच्या बाकाकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे. नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ कुणावर तरी रुसलेत. एकदा न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, "चेंडू कुठे चाललाय ते ऐकू येतं हो, देशपांडे. बाकावर बसलेल्या पोराचं तोंड ऐकू येतं का? ते बघावंच लागतं."

आता यावर काय बोलणार, कपाळ? मी त्याच कॉलेजात गणित शिकवायचो. मला स्कोअर दिसायचा, आणि तो बघवत नसे.

लंडनच्या एजवेअर भागात आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की रोहेकरांचं घर. हे बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू, जन्म मुंबईत नागपाड्याचा. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढले. "मी माणसाला आतून बघितलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगी लग्न करून इस्रायलला गेली, बायको रूथबाई वारल्या, आणि रिटायर झालेले रोहेकर दिवसभर खिडकीत उभे राहून आमच्या कचऱ्याच्या बिन्स कधी उचलतात ते बघू लागले. नेमका तेव्हा कॉलेजला कोच हवा होता आणि पगार द्यायचा नव्हता. रोहेकर गेले, "आय अ‍ॅम फ्रॉम नागपाडा" म्हणाले आणि उभ्याउभ्या कोच झाले. नागपाड्यातलं पोरगं आधी बास्केटबॉल खेळतं आणि मग चालायला शिकतं, असा त्यांचा दावा होता. प्रिन्सिपलबाईंना नागपाडा म्हणजे एखादी युनिव्हर्सिटी वाटली असावी.

त्यांच्या हाताखाली टीम हरू लागली. तशी आधीही हरायची, पण आता शिस्तीत हरू लागली. त्यातून आणखी एक पंचाईत. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा दिवस, सुरू, आणि इथल्या हिवाळ्यात सूर्य चार वाजताच घरी जातो. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळच्या मॅचला रोहेकर नसत. आणि टीम चुकूनमाकून जिंकायची ती नेमकी शुक्रवारी. स्टाफरूममध्ये लोक गालातल्या गालात हसायचे. रोहेकरांना त्याचं काही नाही. "आम्ही शनिवार तेली," म्हणायचे. "पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, मी शिट्टी बंद ठेवतो."

अशाच एका शुक्रवारी टीमने लीगमधल्या सगळ्यात तगड्या कॉलेजला हरवलं. रोहेकरांनी त्यासाठी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला होता. नवस फेडायचा म्हणजे मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, त्यात साखर, खोबरं, वेलची, भोवती पाच तऱ्हेची फळं. हे घरी करायला काय हरकत होती? पण नाही. "जिथे यश मिळालं तिथेच मलिदा," म्हणून त्यांनी सोमवारी जिमच्या मधल्या गोलात चादर अंथरली, पोरांना अनवाणी बसवलं, हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि प्रत्येकाच्या तळहातावर मलिदा ठेवला. सहा फूट पाच इंचांचा ट्रेव्हर तीनदा मागून खात होता. साफसफाई पोरांनी केली, म्हणजे झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइस प्रिन्सिपल पाहुण्यांना नवीन फ्लोअर दाखवायला आले. ओल्या पोह्यांवर त्यांचा पाय पडला आणि ते मधल्या गोलातून निघून बसल्या बसल्या थेट बास्केटखाली पोचले. त्या सीझनमध्ये आमच्या बाजूने इतकी सरळ मूव्ह कुणी केली नव्हती. हेल्थ अँड सेफ्टीची मीटिंग बसली आणि रोहेकरांना नारळ मिळाला.

त्यांच्या जागी स्टीव्ह आला. तरुण, चकचकीत ट्रॅकसूट, व्हिडिओ कॅमेरा. मॅच झाली की पोरांना टीव्हीसमोर बसवून चुका दाखवायचा. टीम जिंकू लागली, मंगळवारीसुद्धा. बघता बघता फायनलला पोचली.

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे, म्हाताऱ्याने टीमचं वाटोळं केलं होतं, स्टीव्हने वाचवली. दुसरा म्हणे, पोरं तर म्हाताऱ्यानेच गोळा केली. इतक्यात रोहेकर स्वतः प्रिन्सिपलबाईंकडे गेले आणि म्हणाले, मला परत घेऊ नका, पण माझा काही उपयोग झाला की नाही, तेवढा निकाल द्या. बाई वैतागल्या आणि त्यांनी ते लचांड माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी गणिताचा आणि शिवाय "युअर कम्युनिटी".

मी पोरांना एकेक करून बोलावलं. प्रश्न साधा: रोहेकरांकडून बास्केटबॉलमधलं काय शिकलास?  ट्रेव्हर म्हणाला, आंबा न चिरता कसा चोखायचा ते. केविन म्हणाला, "च्यायला." तो मला शिवी देत नव्हता, शिकलेली गोष्ट सांगत होता, आणि उच्चार अगदी स्वच्छ होता. निखिल हा आमच्याच एका मराठी डॉक्टरीणबाईंचा मुलगा. तो म्हणाला, "सर, कोचनी खूप चांगला गोष्टी सांगायचे." कसल्या गोष्टी? "नागपाडाची." बस्स. बास्केटबॉलचं अक्षर नाही.

मी वैतागलो. माझा निष्कर्ष ठरला: उपयोग शून्य. गणितात शून्याला लाजायचं कारण नसतं, पण हे शून्य रस्त्यापलीकडच्या माणसाला तोंडावर सांगायचं होतं. रोहेकर रोज कुंपणापाशी थांबून विचारायचे, "झाला का निकाल?" आणि मी म्हणायचो, "फायनल होऊ द्या."

फायनल आमच्याच जिममध्ये झाली. रोहेकर आणि मी वर गॅलरीत. शेवटच्या क्षणी ट्रेव्हरने बास्केटखालून मारलेला चेंडू कडेवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. आम्ही एका बास्केटने हरलो. समोरच्यांनी जिम डोक्यावर घेतली. स्टीव्ह बिचारा हरायला तयारच नव्हता. तो कॅमेऱ्यापाशी गेला आणि तिथेच वायर गुंडाळत राहिला.

पोरं पॅसेजमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कुणी आत कपडे बदलायला जाईना. ट्रेव्हरने डोकं गुडघ्यात घातलं होतं. मी खाली आलो आणि मास्तर उभे राहतात तसा नुसता उभा राहिलो. रोहेकर माझ्या मागून आले. भिंतीचा आधार घेत गुडघ्यांवर बसले आणि ट्रेव्हरच्या बुटाची लेस सोडू लागले. घामाने गाठ आवळली होती. ती त्यांनी नखाने सैल केली, बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले. "फिनिश्ड," म्हणाले. "नाऊ इट इज ओन्ली युअर फूट." आणि सरकत केविनकडे गेले.

ट्रेव्हरने मान वर केली. "थॉट यू वेअरन्ट कमिंग, कोच," तो म्हणाला. एवढा मोठा पोरगा, पण रडत होता.

मी निखिलला बाजूला घेतलं. "हे नेहमी करायचे?"

"ऑलवेज, सर. हरलो की सगळ्यांची बूट काढायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बास्केटबॉलची विचारला होता ना."

मनातल्या मनात मी माझं शून्य खोडलं. 

आम्ही दोघं परत निघालो. त्यांच्या दारापाशी आल्यावर मीच म्हणालो, "रोहेकर, निकाल लागला. झाला उपयोग. खूप झाला."

मला वाटलं, खूश होतील, निदान नागपाड्याचं नाव तरी काढतील. त्यांनी नुसती मान हलवली. मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं.

"पोरं रविवारी जेवायला येतो म्हणाली. सगळी," ते म्हणाले. "खरंच येतील का हो, देशपांडे?"

"येतील. नाही आली तर मी कान धरून आणतो."

"मग तुमच्या खुर्च्या लागतील. माझ्याकडे दोनच आहेत." किल्ली कुलपात घालून ते जरा थांबले. "आणि त्यातली एक रूथची आहे."

रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता मी आमच्या खुर्च्या एकेक करून रस्त्यापलीकडे नेल्या. कमी पडल्या, तशा शेजारच्यांच्याही मागून आणल्या.