ह्याला नाय, मला

आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या दवाखान्यात एकदा नवे डॉक्टर आले होते. गंगारामचं पोट दुखत होतं म्हणून त्याचा भाऊ लक्ष्मण त्याला घेऊन गेला. मी माझा खोकला घेऊन तिथेच बाकावर बसले होते. डॉक्टरांनी गंगारामच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मनाशी काय ते ओळखलं, आणि लक्ष्मणला विचारलं, "ह्याचं कुठे दुखतंय?"

गंगारामने मागे वळून पाहिलं. बाकाखाली वाकून पाहिलं. मग मला म्हणाला, "ताई, ह्याचं म्हंजी कुनाचं? तुमचं का?"

"नाही रे बाबा."

"मग ह्याचं कायबी दुखत नाय," त्याने डॉक्टरांना सांगितलं. "माझं दुखतंय. मला इचारा. मी हितंच हाय."

डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची वळवून गंगारामला विचारलं. गंगारामने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की तेवढ्यात मी दोनदा खोकले आणि मागचा एक पेशंट उठून घरी गेला. पण उत्तर बरोबर आलं. बेंबीच्या उजव्या अंगाला, आणि कालपासून नव्हे, परवाच्या भज्यांपासून.

गंगाराम आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. वयाने पस्तिशीचा. बोलायलाच तो उशिरा लागला, आणि पहिलीच्या मास्तरांनी दोन वर्षं वाट बघून त्याला घरी धाडला. गावाने मग आपलं काम केलं. अर्धवट, खुळा, येडा गंग्या, अशी नावं ठेवून गाव मोकळं झालं. लक्ष्मण त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटा, पण बाप गेल्यावर तोच घरचा मोठा झाला. तोही भावाला गंग्याच म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, पण गंग्याच.

त्यांचा बाप भागाजी रेल्वेत गँगमन होता. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा त्या माणसाने आपल्याबरोबर आपल्या बोलण्याची तऱ्हाही बदलली म्हणतात. कुणासमोर मान खाली घालून बोलायचं नाही, आणि आपलं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं नाही. थोरल्या पोराला त्याने तेच शिकवलं. "गंगाराम, आपलं आपन बोलायचं. दुसरा बोलला की त्याचंच बोलतो." मास्तरांना दोन वर्षांत जे जमलं नाही ते बापाला जमलं. गंगारामला अक्षर आलं नाही, पण हा एक धडा असा पाठ झाला की उभ्या खोपोलीला पुरून उरला.

दर जयंतीला विहारात भाषणं होत. मोठमोठी, घसा सुकेपर्यंत. सगळ्यांची झाली की गंगाराम उठायचा, माईक दोन्ही हातांनी धरायचा आणि म्हणायचा, "मी गंगाराम भागाजी. मी हितंच हाय. जय भीम." आणि खाली बसायचा. त्याच्याइतक्या टाळ्या मी कुणाला पडलेल्या ऐकल्या नाहीत. एकदा एक पुढारी त्याच्यानंतर बोलायला उभे राहिले, बिचाऱ्यांना सूरच सापडेना.

एस्टीतली गोष्ट तर फाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. कंडक्टरने लक्ष्मणला डोळा मारून विचारलं, "काय, ह्याचं हाफ देऊ का?" गाडी हसली. गंगारामने गाडीचं हसू संपू दिलं. मग म्हणाला, "फुल द्या. मी फुल हाय." तेव्हापासून घाटाचे ड्रायव्हर त्याला फुल गंगाराम म्हणत. ते नाव मात्र त्याला चालायचं.

ड्रायव्हरांशी त्याचं जमायचं, कारण काम तिथंच होतं. घाट चढण्याआधी ट्रक फाट्यावर थांबायचे, आणि गंगाराम डबा घेऊन रेडिएटरमध्ये पाणी भरायचा. पण विचारल्याशिवाय नाही. इंजिनातून वाफ निघत असली तरी आधी केबिनपाशी जाऊन "पानी पायजे का?" आणि उत्तर येईपर्यंत उभा. घाईतला ड्रायव्हर म्हणायचा, "अरे दिखता नहीं क्या?" गंगाराम म्हणायचा, "दिसतंय. पन तुमाला इचारलं."

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. एकदा मी भिंतीवरून लक्ष्मणच्या बायकोशी, कमलवहिनीशी बोलत होते. म्हटलं, "काय करणार, ह्यांना रोज भेंडीच लागते." गंगाराम ओट्यावर होता. त्याचे कान उभे राहिले.

"ताई, ह्यांना म्हंजी कुनाला?"

"अरे, तुझ्या भावजींना."

"भावजींना नाव नाय?"

"आहे. पण मी नाही घेत. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये."

गंगारामचं तोंड एवढंसं झालं. उठला, सरळ आमच्या घरात गेला आणि पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्यापाशी जमिनीवर बसला. "भावजी, तुमाला पन ह्यांना म्हनतात? मला पन. तुमी भिऊ नका. मोठ्यानं सांगायचं, मला इचारा."

आमचे हे साजगावच्या कारखान्यात दिवसभर मशिनीच्या आवाजात असायचे, म्हणून घरी तोंड उघडायचं त्यांच्या जिवावर यायचं. पण त्या दिवशी जेवताना ताट थोडं पुढे सरकवून म्हणाले, "मला विचार." मी म्हटलं, विचारते. भेंडी आवडते ना? तर म्हणाले, "नाही." लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं, ह्याला भेंडी फार आवडते. तेव्हापासून मी रांधत होते आणि हा देवमाणूस गिळत होता. त्या आठवड्यात मी तीनदा गवार केली आणि एकदा हसत रडले.

असा हा गंगाराम. आणि त्याला दूर पाठवायचं ठरलं.

त्याचं असं झालं. त्या हिवाळ्यात लक्ष्मण कामावर, त्याच्या कारखान्यात, चक्कर येऊन पडला. त्याला थेट पनवेलच्या दवाखान्यात नेलं. गंगाराम रोजच्यासारखा पाळी सुटायच्या वेळी फाट्यावर भावाची वाट बघत उभा राहिला, तो अंधार पडेपर्यंत तसाच. शेवटी आमच्या ह्यांनी त्याला हाताला धरून घरी आणला. काही दिवसांनी लक्ष्मण परत आला, वाळलेला, कमी बोलणारा. आणि मग एक दिवस कमलवहिनीने मला हळूच सांगितलं, की मुंबईजवळ अशा लोकांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथले साहेब बघायला येणार आहेत. दारामागे पत्र्याची नवी पेटी आली. तिच्यावर पेंटरकडून नाव घातलं होतं. गंगारामला वाचता येत नव्हतं, पण पेटी कुणाची ते कळायला वाचता कशाला यावं लागतं.

साहेब रविवारी आले. माणूस वाईट नव्हता हो. थकलेला होता. पाणी प्याला आणि लक्ष्मणला विचारायला लागला. ह्याला अंघोळ स्वतःची करता येते का. हा कुणाला मारतो का. ह्याला फिट येते का. मी दारात उभी होते. म्हटलं, आता गंगाराम मागे वळून बघणार. पण त्या दिवशी तो वळला नाही. पेटीवर बसून राहिला, हात मांड्यांखाली घालून. मलाच बघवेना.

मग एक हात बाहेर काढून म्हणाला, "सायेब, मी सांगतो."

साहेब थांबले.

"मला वाचता येत नाय. घड्याळ कळत नाय. पैशे दिले तर कुनीबी फशिवतो. स्टो पेटवायला भ्या वाटतं, तो वैनी पेटवती. एवढं येत नाय." मोजलेली चार बोटं बघून त्याने मूठ मिटली. "बाकीचं येतं. जे येत नाय त्याला मानूस लागतो. तुमाला लागत नाय का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. लक्ष्मणला म्हणाले, "तुम्ही ह्याला..." आणि थांबून दुरुस्त केलं, "तुम्ही गंगारामना विचारलंय का, त्यांना काय हवंय?"

"त्याला काय इचारायचं, सायेब," लक्ष्मण म्हणाला. पण साहेब त्याच्याकडे बघतच राहिले, तेव्हा त्याने मान वळवली. "गंग्या, तुला काय पायजे?"

आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. आयुष्यभर मला इचारा, मला इचारा म्हणणाऱ्या माणसाला एकदाचं विचारलं होतं. गंगारामने तोंड उघडलं. मिटलं. छताकडे बघितलं.

"थांब," तो म्हणाला. "इचार करतो."

साहेब निरोप घेऊन गेले. जाताना म्हणाले, घाई नाही, कळवा.

पुढचा सगळा आठवडा गंगाराम विचार करत होता. फाट्यावर ज्याला त्याला सांगायचा, "मला इचारलंय. म्हनून इचार करतोय." रेडिएटर भरून पाणी पायावर सांडायचं, तरी याचं लक्ष नाही. ड्रायव्हर ओरडले की म्हणायचा, "गप ऱ्हावा रं, इचार चाललाय." मी रोज भिंतीपाशी जाऊन यायची. कमलवहिनी नुसती मान हलवायची. पेटी दारामागेच होती, आणि खरं सांगते, मला धास्ती वाटत होती. हा भोळा माणूस भावाचं मन राखायला ‘जातो’ म्हणाला तर?

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर कमलवहिनीबरोबर तांदूळ निवडत बसले होते. लक्ष्मण उंबऱ्यात होता. गंगाराम फाट्यावरून आला, पाय धुतले, आत जाऊन पेटी ओढत बाहेर आणली आणि भावासमोर तिच्यावर बसला.

"इचार केला," तो म्हणाला.

"बोल."

"मला हितंच ऱ्हायचंय. तुमच्यात."

लक्ष्मणने मान खाली घातली.

"आनि अजून एक हाय," गंगाराम म्हणाला. "तुला कुनी इचारलं का?"

"काय?"

"तुला काय पायजे ते."

लक्ष्मण हसला. मग बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू विरलं. कोण विचारणार? बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. दुसऱ्या दिवसापासून दप्तर टाकून कामाला लागला. आई गेली, लग्न झालं, सगळं त्याने केलं. त्याला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गंगाराम वाट बघत बसला. वाट बघणं त्याच्याइतकं कुणाला येतं?

"मला भ्या वाटतं रं, दादा," लक्ष्मण म्हणाला.

इतकी वर्षं शेजारी राहिले, त्याला दादा म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"कारखान्यात पडलो तवापासनं वाटतं. मी नसलो तर तुला कोन बघील? त्या सायबाकडं निदान..."

"मग मला सांगायचं ना. त्या सायबाला काय सांगतोस?" गंगाराम म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. "तू पडला तवा बी मला कुनी सांगितलं नाय. मी फाट्यावर हुतो. समदे कुजबुजत हुते, ह्याला नका सांगू, ह्याला नका सांगू. मी हितंच हुतो, लक्ष्मन. मला आयकू येत हुतं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कमलवहिनीने पदर तोंडाला लावला.

"मला वाटलं, तू मेला," गंगाराम म्हणाला. "पन कुनाला इचारू?"

लक्ष्मण उंबऱ्यातून उठला आणि पेटीवर भावाच्या शेजारी येऊन बसला. नव्या पत्र्याने कुरकुर केली. दोघं रस्त्याकडे तोंड करून बसले.

"आता सांगत जाईन," लक्ष्मण म्हणाला.

"आनि इचारत जा."

"इचारत जाईन."

पेटी परत गेली नाही, आता तिच्यात कमलवहिनी तांदूळ ठेवते. पण ते पुढचं. त्या दुपारी लक्ष्मणने बाहीने डोळे पुसले आणि सवयीने बायकोला म्हणाला, "ह्याला जरा चा..." आणि जीभ चावली. भावाकडे वळला.

"दादा, चा घेशील?"

गंगारामने विचार करायला घेतला. आम्ही थांबलो.