स्मरणार्थ सीताफळ

विद्यानगरच्या आमच्या चर्चमध्ये तीन मंडळ्या एका छपराखाली उपासना करतात. सकाळच्या गारव्यात तेलुगू, चहानंतर इंग्रजी आणि ऊन डोक्यावर आलं की मराठी. तिघांचं एकमत व्हावं असा विषय आजवर निघाला नव्हता. यंदा निघाला. देवाने निर्माण केलेली सृष्टी सांभाळली पाहिजे, यावर सगळे पंच एकमुखाने 'आमेन' म्हणाले आणि संयुक्त पर्यावरण रविवार ठरला.

सृष्टी आमच्या आवारात फारशी नाही. गाड्या लावायला सगळीकडे फरशी घातली आहे. फाटकाजवळ चटईएवढी माती उरली, तीही फरशी कमी पडली म्हणून.

माझ्या रविवारच्या शब्बाथशाळेतल्या रसिकाने आइस्क्रीमच्या कपात सीताफळाचं बी रुजवलं होतं. वीतभर झालेलं ते रोप दोन्ही हातांत धरून ती आली.

"सर, त्या मातीत लावू?"

"लाव की," मी म्हणालो. मुलांना शिकवता शिकवता म्हातारा झालो. कामकाज कसं चालतं, तेवढं शिकायचं राहिलं.

चिटणीस केशवराव रणपिसे धावत आले. "अहो सर, असं कसं? अर्पणविधी नाही, पाटी नाही. कुणाच्या स्मरणार्थ आहे हे झाड?"

"कुणाच्याच नाही. सावलीसाठी आहे."

"स्मरणार्थ नसलेली वस्तू आपल्या चर्चमध्ये नाही, सर."

रसिकाने माझी बाही ओढली. "सर, झाड लावायला आधी कुणीतरी मरावं लागतं का?"

मी 'नाही बाळ' म्हणणार होतो. पण शिक्षकाने तपासल्याशिवाय उत्तर देऊ नये. दारातून आत पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर कै. दाविदराव फिरत होते. बाकाच्या पाठीवर कै. रूथबाई होत्या. पाण्याच्या फिल्टरवर एक सासरे आणि त्यांचे जावई, दोघंही कैलासवासी होऊन शेजारी शेजारी होते.

"बहुतेक लागतं," मी म्हणालो.

लगेच उपसमिती बसली. महिला मंडळाच्या सुनंदाबाईंनी सुरुवातीलाच बजावलं, "माझ्या सासूबाईंचं नाव लागेल. त्यांना सीताफळ फार आवडायचं."

"त्यांना मधुमेह होता ना?" केशवरावांनी विचारलं.

"म्हणूनच आवडायचं."

तेलुगू मंडळीचे देवदानम गारू हात हलवत उठले. "नक्को, सुनंदम्मा! पैले हमारे बाप का नाम. ये गेट उनोइच लगाए." इंग्रजी मंडळीने परदेशातल्या सभासदांकडून नावं मागवली. त्यांतले काही अजून हयात होते, पण जागा धरून ठेवायची होती.

वाद मिटेपर्यंत रोप मंडळीच्या मालकीचं ठरलं आणि पाळकसाहेबांच्या खोलीत कुलूपबंद झालं.

"पाणी मी घालू का?" रसिकाने विचारलं.

"छे! पहिलं पाणी बिशपसाहेब घालणार," केशवराव म्हणाले. "कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलंय. तू घातलंस तर त्यांचं दुसरं होईल."

मी किल्ली मागितली. ती उपसमितीच्या अध्यक्षांकडे होती. अध्यक्ष पर्यावरण परिषदेसाठी गोव्याला गेले होते.

शेवटी पाळकसाहेबांनी ख्रिस्ती प्रेमाने तोडगा काढला. सगळी नावं, तिन्ही लिप्यांत, एकाच ग्रॅनाइटवर; सगळ्यांत वर कुणाचं, एवढंच ठरायचं राहिलं. दगड पुरुषभर उंच झाला. एवढा दगड उभा करायचा तर पाया हवा, पाया खणायला माती हवी. गवंड्याने आवारभर नजर फिरवली. "मिट्टी किधर है, साब?"

केशवरावांनी फाटकाजवळची चटई दाखवली. तिथे सिमेंट ओतलं गेलं.

रविवारी तिन्ही मंडळ्या लोटल्या. मांडव पडला, जनरेटर धडधडला, प्रत्येकाच्या हाती प्लास्टिकची पाण्याची बाटली आली. पाळकसाहेब एदेन बागेवर बोलले. जनरेटरमुळे बाग कुणाला ऐकू आली नाही. दगडावरचा पडदा सरकला तेव्हा टाळ्या मात्र ऐकू आल्या. मग बिशपसाहेबांनी हातात झारी घेऊन साधा प्रश्न विचारला, "रोप कुठे आहे?"

खोली उघडली. कपात एक काडी उभी होती. रसिका खाली बसली आणि जमिनीवरची पानं वेचू लागली. बिशपसाहेबांनी झारी कपाकडे नेली आणि मागे घेतली.

केशवरावांना मात्र तोडगा सुचला. त्यांचा चेहरा उजळला. "बंधुभगिनींनो, प्रश्नच सुटला! सगळ्यांत वर स्मरणार्थ कुणाच्या? कै. सीताफळाच्या! आता कुणाचा आक्षेप आहे?"

"हौ, ये सही है," देवदानम गारू म्हणाले. सुनंदाबाईंनी डोळे टिपले आणि सीताफळाखालोखाल सासूबाईंचंच नाव असावं, अशी सूचना मांडली. ठराव प्रार्थनेसह मंजूर झाला. पत्रिकेत छापलेलं असल्यामुळे बिशपसाहेबांनी पहिलं पाणी दगडावर घातलं.

फाटकाबाहेर आल्यावर रसिकाने मूठ उघडली.

"सर, आणखी एक बी आहे. या वेळी कुणाला सांगायचं नाही ना?"

"नाही, बाळ," मी म्हणालो. हे उत्तर तपासावं लागलं नाही.

ते बी आम्ही कुठे पेरलं, हे तुम्हालाही सांगणार नाही. दगडाच्या तळाशी नावासाठी एक ओळ अजून मोकळी आहे, आणि आत्ता हे वाचताना तुमच्याही मनात कुणाचं तरी नाव येऊन गेलं.