जाधव सर मागून येतात

जाधव सर कुणाच्याही बरोबर चालत नाहीत. मागून येतात. कॉलेजातून निघालं की म्हणतात, "मॅडम, तुम्ही व्हा पुढे." मग अंतर राखून, मान जरा तिरकी करून आपल्या मागे. पहिल्या दिवशी मी पर्स घट्ट धरली होती.

सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तिथलं सामान आणि बिलं माझ्याकडे. राहतोही एकाच इमारतीत, स्नेहलतागंजला. माणसाशिवाय चालणाऱ्या बोटी आणि ड्रोन आपला रस्ता कसा धरतील, हे त्यांचं संशोधन. इंदूरला समुद्र नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तलाव आहे ना," म्हणाले.

तलावावर वाऱ्याने बोट जरा सरकली की विद्यार्थी रिमोटकडे झेपावतात. सर ओरडतात, "हात नको लावू, भिया! भटकू दे जरा." बारीकसारीक चूक सुधारत बसलं तर बोट नुसती डावी-उजवी डुलते, पुढे जातच नाही, असं त्यांचं म्हणणं. चूक हद्दीबाहेर गेली, तरच सुकाणू वळवायचं. ही हद्द सर ठरवतात आणि ती फार मोठी असते. पाहुण्यांसमोरच्या चाचणीत बोट शांतपणे जलपर्णीत शिरली आणि तिथेच राहिली. सर खूश. "बघा, सुकाणू किती कमी वापरलं!"

रिक्षातही तेच. राजवाड्याला निघालो आणि लालबागला पोचलो. रिक्षावाला चुकतोय हे सरांना पहिल्या वळणापासून माहीत होतं.

घरात दोघंच, सर आणि त्यांचे वडील, अण्णा. अण्णा हल्ली विसरतात, तरी रोज सकाळी एकटेच फिरायला जातात. एकदा हरवले, तेव्हापासून सरांची देवासची बहीण फोनवर ठणकावते, "दादा, दाराला कुलूप लाव. पुन्हा हरवले तर मी त्यांना इकडे घेऊन येणार, सांगून ठेवते." मला तिचं पटलं. सुताराचा नंबर, कुलूप कोणतं, किल्ल्या कुणाकडे, सगळं मी क्रमवार लिहून दिलं.

"कुलूप लावलं तर ते चालायचंच विसरतील, मॅडम," सर म्हणाले आणि कागद खिशात घातला. मला बेफिकिरी वाटली.

परवा सकाळी दूध घेऊन येताना कोपऱ्यावर अण्णा दिसले. त्यांच्या मागे अंतर राखून, मान तिरकी करून, सर. अण्णा घराकडे वळायचं सोडून स्टेशनच्या रस्त्याला लागले. मीही मागोमाग गेले. सरांनी हाक मारली नाही. मोठ्या रस्त्याची रहदारी जवळ आली, तेव्हा मात्र ते बाजूच्या गल्लीत घुसून धावले. सरांना धावताना मी प्रथमच पाहिलं. मग धाप दाबत, अगदी आरामात, अण्णांच्या समोरून चालत आले.

"अरे अण्णा! तुम्ही इकडे?"

"तुलाच शोधतोय. तू काय सुधरत नाहीस. रोज रस्ता चुकतोस!"

"चुकलो खरा. घरी घेऊन चला."

अण्णांनी त्यांचा हात धरला. सर कुणाच्या तरी बरोबर चालू लागले. दूध घेऊन मी मागे.

पहिल्याच वळणावर अण्णा उजवीकडे वळले. घर डावीकडे. मी हाक मारणार, तोच सरांनी मोकळा हात मागे हलवून मला गप्प केलं आणि तेही उजवीकडे गेले.

ती गल्लीही आमच्याच इमारतीशी येते. जरा फिरून.