भिंतीपलीकडची जात

तळ्याच्या मधोमध खात्याने भिंत बांधली तेव्हा आतल्या कोळंबीला कुणी विचारले नव्हते. एकाच वंशाची कोळंबी दोन्हीकडे विभागली गेली. अशी फारकत पिढ्यान् पिढ्या टिकली की सवयी बदलतात, पुढे समोरासमोर येऊनही ओळख पटत नाही, आणि शास्त्र त्यांना दोन जाती मानते. तळ्याकाठच्या प्रयोगशाळेतले एकमेव संशोधक त्याच घटकेकडे डोळे लावून बसले होते. यंदा नवी जात निघाली नाही तर प्रयोगशाळेला टाळे लागेल, असे खात्याने बजावले होते.

तपासणी अधिकाऱ्यांसमोर दोन्हीकडची कोळंबी एका काचपेटीत सोडण्यात आली. मिशांना मिशा लागल्या आणि बघता बघता मंडळींचे असे गूळपीठ जमले की कोण कुठले ते सांगता येईना.

"हा भिंतीचा अपमान आहे," अधिकारी म्हणाले.

"ओळख विसरायला पिढ्या लागतात, साहेब."

"तेवढा वेळ खात्याकडे नाही. एका पिढीत उरकलेलं काही असेल तर दाखवा."

हिरमुसलेल्या संशोधकांनी त्यांना चहाला घरी नेले. घर वडिलांचे होते. वडील गेल्यावर अंगणात भिंत उठली होती. पलीकडे एक गृहस्थ झाडांना पाणी घालत होते.

"हे कोण? नाक तर थेट तुमचंच!"

"पूर्वज एक होते," संशोधक म्हणाले. "आता संबंध नाही."

"समोर आले तर?"

"ओळखत नाही," आतून संशोधकांच्या पत्नी म्हणाल्या. "त्यांची हाकसुद्धा कळत नाही आम्हाला."

अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात भिंतीवरून दोन वेण्या डोकावल्या. "काका!"

संशोधकांचा हात नकळत वर गेला. पुतणी बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द हाच होता.

"हं! पोरगी अजून ओळखतेय," अधिकारी गंभीर झाले. "नमुना अशुद्ध आहे. तेवढं सांभाळा, प्रयोगशाळा तुमचीच."

दुसऱ्याच दिवशी संशोधकांनी गवंडी बोलावला. वेण्या दिसेनाशा होईपर्यंत भिंत चढली, आणि नवी जात रीतसर मंजूर झाली. तळ्यातली भिंत मात्र खात्याने निरुपयोगी म्हणून पाडून टाकली.

आता खात्याला आणखी नमुने हवे आहेत. तुमच्याकडे कुणी आले तर गडबडू नका. समोरच्या दाराकडे बोट दाखवून ते एवढेच विचारतील, "हे कोण?" तुम्ही नेहमी देता तेच उत्तर द्या.