पन्नास वर्षांची चूक

गाडी आज आपलीच होणार, याबद्दल धाकट्या जावयाला तिळमात्र शंका नव्हती. पन्नास वर्षं ती चालवणाऱ्या सासऱ्यांची नजर आता साथ देईना. दोघा जावयांपैकी ज्याच्या हाती गाडी सुखरूप राहील त्याला ती द्यायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. थोरल्याला तर बॉनेट उघडायचं कुठून तेही ठाऊक नव्हतं! धाकट्याने नवी बॅटरी बसवायचं काम स्वतःहून मागून घेतलं आणि गाडी ठेवायला जागा व्हावी म्हणून आपल्या घरच्या फाटकातल्या कुंड्या हलवून ठेवायला बायकोला बजावलं.

बॉनेट उघडलं आणि तो हबकला. बॅटरीच्या प्लसची वायर सरळ गाडीच्या बॉडीला जोडलेली. बॉडीला मायनस जातो हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे सासरे पन्नास वर्षं उलट्या जोडणीवर गाडी हाकत होते! हे तोंडावर सांगायचं तरी कसं? त्याने गुपचूप चूक दुरुस्त करायचं ठरवलं. म्हाताऱ्या माणसाची तेवढी अब्रू राखायलाच हवी.

वायरींची अदलाबदल केल्यावर त्यांच्या टोकांचे क्लॅम्प बॅटरीच्या खुंट्यांवर बसेनात. एक घट्ट, दुसरा सैल. घट्ट होता तो त्याने हातोडीने ठोकला, सैल होता त्यात पत्र्याची पट्टी कोंबली. मग दिवे लावून पाहिले, तर इंजिन बंद असताना करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा चार्जकडे! दिवे जळतायत आणि बॅटरी भरतेय. त्याला स्वतःचं कौतुक आवरेना.

सासऱ्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. ते खुशीत म्हणाले की अशी तर ती नवी असतानाही उठत नव्हती, आणि त्यांनी रेडिओ लावला.

रेडिओतून आवाजाऐवजी धूर आला. पाठोपाठ बॉनेटखाली तडतड झाली, जळक्या रबराचा भपकारा सुटला. जावई दोन पावलं मागे सरला. सासऱ्यांनीच गाडी बंद केली, उतरून पान्याने वायर सोडवली.

"जावईबापू, प्लस कुठे लावलात?"

"असायला हवा तिथे. तुमचा उलटा होता. म्हटलं, कुणाला कळायला नको."

"त्या काळी कारखान्यातूनच अशा निघायच्या. प्लस बॉडीला. दिवे, स्टार्टर कसेही चालतात. रेडिओ आणि बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोला नाही चालत."

सासऱ्यांनी किल्ली खिशात घातली आणि दारात उभ्या सासूबाईंना थोरल्याला फोन लावायला सांगितलं.

"अहो, पण त्यांना बॉनेटसुद्धा उघडता येत नाही!" धाकटा कळवळून म्हणाला.

"म्हणूनच," सासरे म्हणाले.