हेतू तपासणारे साळवेकाका

शेजारच्या साळवेकाकांना तुम्ही काहीही नेऊन द्या, ते आधी झाकण उघडत नाहीत. डबा दोन्ही हातांनी धरतात, चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "हेतू काय?"

शुगर लँडला राहायला आलो त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. बाहेर टेक्ससचा उन्हाळा, लाडू बसायला लागलेले, आणि काका दार अडवून उभे.

"काही नाही काका, ओळख व्हावी म्हणून."

"ओळख कशाला हवी?"

आतून शालिनीकाकूंचा आवाज आला, "अहो, घ्या तो डबा. आणि तिलाही आत घ्या, उन्हात उभी आहे पोरगी."

काका नगरकडच्या ख्रिस्ती घरातले. नोकरी तेलाच्या पाइपलाइनचं वेल्डिंग तपासायची. जन्मभर चकचकीत जोडांवर टॉर्च मारून भेगा शोधल्या. रिटायर झाल्यावर तोच टॉर्च माणसांकडे वळवला. त्यात धर्माबद्दलचं त्यांचं मत अगदी पक्कं. तारण, म्हणजे मुक्ती, मिळते ती फक्त प्रभूवरच्या विश्वासाने. चांगली कामं त्यात धरत नाहीत. त्यामुळे कुणी चांगलं काम करताना दिसलं की काका सावध होत. "ह्याचा विश्वास कमी पडतोय. म्हणून वरवर डागडुजी चाललीये."

हरिकेन वादळानंतर समोरच्या डेव्हने चेनसॉ आणून काकांच्या ड्राइव्हवेत आडवं झालेलं ओकचं झाड कापून दिलं. काका खिडकीतून बघत राहिले. "किती घाम गाळतोय बघ. स्वर्गात प्लॉट बुक करतोय." चर्चमध्ये मदतकार्य करणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागले, तेव्हा उपासना संपताच काकांनी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, गाठलं. "देवाला लाच देणाऱ्यांचे फोटो कशाला लावलेत?"

खरं सांगायचं तर संशय घेण्यात आम्हीही कमी नव्हतो. माझा नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "बघ तू, एक दिवस हे आपल्याला पुस्तक देणार आणि चर्चला बोलावणार." मीही वाट बघत होते. वर्षं गेली, पुस्तक काही आलं नाही. शेवटी मला थोडा अपमानच वाटायला लागला. एकदा विचारून टाकलं, "काका, तुम्ही आम्हाला कधी चर्चला बोलावलं नाहीत ते?"

काकांनी डोळे बारीक केले. "यायचंय? का?"

काकू मात्र निराळ्याच. जन्माने हिंदू, पण कुठल्याच देवाच्या फारशा नादी लागल्या नाहीत. लग्नानंतर बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्तीही झाल्या नाहीत. कुणाचं ऑपरेशन असो, बाळंतपण असो, पलीकडच्या पटेलबेनना डायलिसिसला न्यायचं असो, काकूंची गाडी निघालीच. माझ्या मीराला लहानपणी त्यांनीच सांभाळलं. ती इंग्रजीत बोलायची, त्या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींची भांडणंसुद्धा व्यवस्थित व्हायची.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या.

त्यानंतर काका एकेकाच्या दारी जायला लागले. डेव्हकडे गेले, पटेलबेनकडे गेले. सांत्वन करून घ्यायला नाही, उलटतपासणी घ्यायला. शालिनी तुमच्यासाठी काय करायची? का करायची? कधी चारचौघांत बोलून दाखवलं का? नवरा मला म्हणाला, "काहीतरी प्रॉपर्टीचं मॅटर दिसतंय यार. तू जरा सांभाळून बोल."

एका शनिवारी दुपारी काका आमच्याकडे आले. मी चहा ठेवला आणि सांभाळून बसले.

"मीराला सांभाळायची, त्याच्या बदल्यात तिला काय हवं असायचं?"

"काहीच नाही, काका."

"नीट आठव. कौतुक?"

"कौतुक केलं तर चिडायच्या."

काकांनी मान हलवली, पण चेहरा काही मोकळा झाला नाही. मग मीच विचारलं, "हे सगळं कशासाठी विचारताय?"

त्यांनी समोरचा कप बाजूला सारला.

"विश्वासानेच तारण होत असेल, तर शालिनी कुठे गेली?" ते म्हणाले. "कामं धरत नाहीत असं मी जन्मभर सांगत आलो. आणि तिच्याकडे तर कामांशिवाय दुसरं काहीच नव्हतं."

"पाळकांना विचारलंत?"

"विचारलं. देवाची दया मोठी आहे, म्हणाले. लगेच म्हणाले. जोड न बघता सही ठोकणारे इन्स्पेक्टर मी खूप पाहिलेत." त्यांनी कप पुन्हा जवळ ओढला. "दर ईस्टरला मी तिच्या मागे लागायचो, बाप्तिस्मा घे म्हणून. ती म्हणायची, विश्वासाचं तुम्ही बघा, कामांचं मी बघते. भाजी तुम्ही आणा, मी चिरते, असं म्हणावं तसं. मी हसण्यावारी न्यायचो. आता वाटतं... अशी दोघांत वाटणी करता येत असेल का गं?"

मला त्यांचं शास्त्र येत नाही. पटकन हो म्हणावंसं वाटलं, पण ते त्यांना पटलं नसतं. मी गप्प राहिले. त्यांना ते बरं वाटलं असावं, कारण ते मागे टेकून बसले.

"अजून सांग तिचं."

काहीतरी हलकंफुलकं सांगावं म्हणून मी इथल्या माझ्या पहिल्या होळीची गोष्ट काढली. पुरणपोळ्या करपून चामड्यासारख्या झाल्या होत्या. काकूंनी माझ्यासमोर दोन खाल्ल्या, इतकी छान पोळी कित्येक वर्षांत खाल्ली नाही म्हणाल्या, आणि उरलेल्या हौसेने बांधून नेल्या. दुसऱ्या दिवशी मीराने बघितलं, काकू तळ्यावर बदकांना पोळी घालत होत्या. बदकंसुद्धा तोंड लावत नव्हती.

मी हसले. काका हसले नाहीत.

"म्हणजे खोटं बोलली."

"अहो काका, मला वाईट वाटू नये म्हणून..."

"खोटं ते खोटंच."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ते खोटं मी बोललो असं धर. ती नाही."